घरगुती ध्वनिमुद्रण : संगणकावरील दोष व दोषनिवारण

घरातल्या संगणकावर गाणे, वाद्य किंवा निवेदन मुद्रित करताना येणाऱ्या अडचणींचे मूळ शोधणे आणि त्या दूर करणे. आवाज न येणे, उशिरा येणे, तडतडणे, फाटणे, पट्टी बदलणे आणि चालू मुद्रण मध्येच बंद पडणे, एवढ्या प्रकारांत जवळपास सगळ्या तक्रारी बसतात. दोष सॉफ्टवेअरमध्ये दिसतो म्हणून तो तिथेच असतो असे नाही. बऱ्याचदा त्याचे मूळ वेळेच्या हिशेबात असते. संगणक एकाच वेळी अनेक कामे थोडी थोडी करत असतो. त्यांतले एखादे वीस मिलिसेकंद मागे पडले तरी मजकूर टंकणाऱ्याला काही कळत नाही. ध्वनीच्या बाबतीत मात्र तेवढ्यानेच मुद्रणात खड्डा पडतो, आणि तो नंतर नीट भरून निघत नाही.

पार्श्वभूमी. १९८० च्या दशकात घरगुती संगणक सहसा ध्वनी साठवत नसे. मिडी पद्धतीने कोणता सूर कधी वाजवायचा एवढी सूचना तो वाद्याला देई. १९९० च्या दशकात संगणक प्रत्यक्ष ध्वनी हाताळण्याइतके वेगवान झाले. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये प्लगइनसाठी (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे जोड-कार्यक्रम) व्हीएसटी आणि १९९७ मध्ये ध्वनी-उपकरणांशी थेट बोलणारी एएसआयओ ही पद्धत आणली. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० मध्ये लोकांपुढे आले. स्टुडिओत गाणारा, मुद्रण करणारा आणि यंत्रे सांभाळणारा अशी वेगवेगळी माणसे असतात. घरी ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे आली, आणि त्यातले तिसरे काम त्याला कोणी शिकवलेले नसते.

ध्वनीचा मार्ग

माइकमधून निघालेला आवाज केबलने इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधल्या पेटीत, येतो. तिथे गेनच्या बटणाने तो वाढवला जातो आणि रूपांतरक त्याचे आकडे करतो. हे आकडे यूएसबीवरून ड्रायव्हरकडे (उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांना जोडणारा छोटा कार्यक्रम), तिथून ऑपरेटिंग सिस्टीमकडे आणि शेवटी सॉफ्टवेअरच्या ट्रॅकमध्ये (एका आवाजासाठीची स्वतंत्र ओळ) पोचतात. ऐकण्यासाठी हाच प्रवास उलट दिशेने होतो. या वाटेवर तपासणीच्या तीन जागा आहेत : इंटरफेसवरचा दिवा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या ध्वनी-सेटिंगमधला मीटर आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचा मीटर. माइकजवळ बोलून तिन्हीकडे पाहावे. जिथवर मीटर हलतो तिथवर सारे ठीक. दोष त्याच्या पुढच्या टप्प्यात. एवढे न पाहता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा उपाय आहे.

इंटरफेसचा दिवाच लागत नसेल तर केबल, गेन आणि विजेवर चालणारा कंडेन्सर माइक असल्यास केबलमधूनच त्याला मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा पाहावा. दिवा लागतो पण सिस्टीमचा मीटर हलत नाही, तर ड्रायव्हर किंवा यूएसबी जोडणी तपासावी. हबऐवजी संगणकाच्या पोर्टमध्ये थेट जोडून पाहावे. सिस्टीमपर्यंत आवाज येतो आणि सॉफ्टवेअरमध्ये सपाट रेघ उमटते, तेव्हा परवानगीची शंका घ्यावी. विंडोज १० पासून आणि मॅकओएसच्या २०१८ मधील मोहावी आवृत्तीपासून माइक वापरण्याची परवानगी गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये असते. ती नाकारलेली असली तर सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, शांतता मुद्रित करत राहते. अर्धा तास गाऊन झाल्यावर रिकामा ट्रॅक पाहणे फार जिवाला लागते. म्हणून आधी दहा सेकंद मुद्रित करून ऐकून घ्यावे. परवानगी ठीक असेल तर ट्रॅकचे इनपुट योग्य चॅनेलवर आहे का ते बघावे. दुसऱ्या क्रमांकाच्या खोबणीत माइक आणि ट्रॅक पहिल्यावर, ही चूक सरावलेल्या हातांकडूनही होते.

विलंब, बफर आणि तडतड

संगणक ध्वनीचा एकेक नमुना (ठरावीक अंतराने मोजलेला आकडा) घेत नाही; काही नमुने साठवतो आणि गठ्ठ्याने उचलतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर २५६ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, १,०२४ चा भरायला २१.३. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे किमान दोन बफर पार करतो. रूपांतरकाचे आणि यूएसबीचे थोडे मिलिसेकंद त्यात वेगळे मिळवावे लागतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरसारखा. वाद्य वाजवणारे बहुतेक जण तेवढा सहज पचवतात. गाणाऱ्याचे तसे नसते. त्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज त्यावर आदळतो, त्यामुळे थोडाही उशीर त्याला अस्वस्थ करतो. विलंब २०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की साधे बोलणेही अडखळू लागते. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच या परिणामाचे वर्णन केले होते.

मग बफर लहानात लहान का ठेवू नये? कारण पुढचा गठ्ठा तयार होण्याआधी मागचा संपला की ध्वनीत भोक पडते, आणि तीच ती तडतड. बफर हा विलंब आणि तडतड यांच्यातला सौदा आहे. एकच आकडा कायमचा शोधत बसण्यापेक्षा गाताना तो लहान (६४ ते २५६) आणि नंतर मिश्रण करताना मोठा (१,०२४ किंवा अधिक) ठेवणे हीच शहाणपणाची रीत. मुद्रणाच्या वेळी जड प्लगइन बंद ठेवावेत. सूर सुधारणारे आणि पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे काही प्लगइन स्वतःचाच विलंब घालतात. बफर कितीही लहान केला तरी तो जात नाही, आणि नवखे लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात.

विंडोजवर ड्रायव्हरची निवड निर्णायक ठरते. जुनी एमएमई पद्धत सर्वत्र चालते, पण विलंब मोठा असतो. विंडोज व्हिस्टापासून आलेली वासापी तिच्यापेक्षा चांगली. इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल तर तोच वापरावा. मॅकवर कोअर ऑडिओ आणि लिनक्सवर अल्सा हे मुळातच सिस्टीमचे भाग आहेत. लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर या ध्वनी-सेवा वापरून अनेक सॉफ्टवेअर एकमेकांना जोडता येतात.

बफर मोठा केला, प्रोसेसरवर भार नाही, तरीही अधूनमधून तडाखा ऐकू येतो, अशा वेळी दुसरा कोणता तरी ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरत असतो. संशयित ठरलेले : वायफाय, ग्राफिक्स कार्ड आणि वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करणारी सेटिंग. वायफाय बंद करून, लॅपटॉप चार्जरला लावून आणि वीज-योजना पूर्ण क्षमतेवर ठेवून, एका वेळी एकच बदल करत ऐकावे. विंडोजवर लेटन्सीमॉन हे मोफत साधन दोषी ड्रायव्हरचे नावच सांगते. एक विलक्षण प्रकारही नोंदवण्यासारखा आहे : गाणे संपल्यावर, शांततेत, प्रोसेसरचा भार एकाएकी वाढतो. रिव्हर्बची (आवाज खोलीत घुमल्यासारखा करणारा परिणाम) विरत जाणारी शेपटी इतक्या सूक्ष्म आकड्यांपर्यंत पोचते की काही प्रोसेसरना तेच आकडे हाताळायला जास्त वेळ लागतो. सध्याचे चांगले प्लगइन असे आकडे शून्यच धरतात. जुन्या प्लगइनांत हा दोष अजून सापडतो.

विलंबावरचा सोपा उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग : आपला आवाज संगणकात न पाठवता इंटरफेसमधूनच सरळ हेडफोनमध्ये ऐकणे. मात्र त्याच वेळी सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंगही चालू राहिले तर आवाज दुहेरी, पोकळ नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. दोन्हींपैकी एक बंद करावे. ब्लूटूथ हेडफोन या कामाला घेऊच नयेत. त्यांचा विलंब बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो, आणि त्यांचाच माइक वापरला की ते फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीत जातात व सगळा आवाज टेलिफोनसारखा होतो.

ट्रॅक मागे पडणे

आधीच्या ट्रॅकवर तालात गायले, पण ऐकताना सगळे मागे पडलेले दिसते. इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले जातात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच उशीर असेल, तर ड्रायव्हरने सॉफ्टवेअरला विलंबाचा चुकीचा आकडा कळवलेला असतो. उपाय : इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडावे, एक टिक वाजवून ती मुद्रित करावी, मूळ आणि मुद्रित अशा दोन टिकांमधले अंतर नमुन्यांत मोजावे आणि ते सेटिंगमधल्या भरपाईच्या रकान्यात टाकावे. पाच मिनिटांचे हे काम आहे आणि ते केल्यावर ताल हलवण्याची रोजची कटकट संपते.

उशीर गाण्याबरोबर वाढत जात असेल तर कारण निराळे. दोन उपकरणे एकत्र वापरली, उदाहरणार्थ यूएसबी माइक आणि ऐकायला संगणकाचे स्वतःचे साउंड कार्ड, तर प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते. दोन घड्याळांत दशलक्षात ५० भाग एवढाच फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद तफावत पडते. गाण्यात ती लपते, दीर्घ मुलाखतीत उघडी पडते. ऐकणे आणि मुद्रण एकाच उपकरणावर करणे हा खरा उपाय. मॅकवर दोन उपकरणे जोडून एक करताना घड्याळाचा फरक दुरुस्त करण्याची खूण करता येते.

पट्टी बदलणे

मुद्रित आवाज चढ्या पट्टीत आणि घाईघाईने वाजतो, तेव्हा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) जुळलेला नसतो. ४४,१०० नमुन्यांनी घेतलेला ध्वनी ४८,००० ने वाजवला तर मिनिटाचे मुद्रण ५५ सेकंदांत संपते आणि पट्टी जवळपास दीड अर्धस्वर चढते. हे दोन आकडे शेजारी शेजारी टिकून राहण्यामागे इतिहास आहे. सुरुवातीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवले जाई आणि ४४,१०० हा आकडा त्या टेपच्या रेघांच्या हिशेबात बसला. तोच पुढे १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने घेतला. चित्रफितीच्या व्यवसायात ४८,००० रूढ झाला. प्रकल्प, इंटरफेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे ना, एवढे पाहिले की पुरते.

फाटणे, गुणगुण आणि नको ती मदत

डिजिटल मोजपट्टीवर शून्य डेसिबल हे छत आहे. त्याच्या वर गेलेली लाट सपाट कापली जाते. ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढून ती परत येत नाही, कारण फेडर रूपांतरकाच्या नंतर येतो. गेनच कमी करावा. प्रत्येक नमुना २४ बिटमध्ये साठवला तर सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डेसिबल असतो (१६ बिटमध्ये ९६), त्यामुळे सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काहीच गमवावे लागत नाही. मीटर पूर्ण भरलाच पाहिजे हा टेपच्या काळातला आग्रह आता सोडून द्यायला हवा.

५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुण विजेच्या पुरवठ्यातून येते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली तर अर्थिंगचे वेटोळे (दोन उपकरणांचे अर्थिंग दोन वाटांनी जोडले जाऊन बनलेले कडे) झाले आहे असे समजावे. संगणक आणि ध्वनीची इतर उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घेतल्याने बऱ्याचदा भागते. सुरक्षेसाठी दिलेली अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये.

लांब धरलेला सूर आपोआप क्षीण होत जातो किंवा वाद्याचा आवाज मध्येच गिळला जातो, हा दोष अलीकडे वाढला आहे. ऑपरेटिंग सिस्टीम किंवा लॅपटॉपचा निर्माता संभाषण स्वच्छ व्हावे म्हणून गोंगाट काढण्याची सोय चालू ठेवतो; तिला स्थिर सूर हा पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. ध्वनी-सेटिंगमधल्या अशा सगळ्या सुधारणा संगीतासाठी बंद कराव्यात.

बंद पडणे आणि परत मिळवणे

सॉफ्टवेअर उघडतानाच कोसळत असेल तर संशय प्रथम सर्वांत शेवटी बसवलेल्या प्लगइनवर घ्यावा. प्लगइनचे फोल्डर तात्पुरते दुसरीकडे हलवून उघडून पाहावे आणि मग थोडे थोडे परत आणावे. चालू प्रकल्प क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नये. फाइल वर चढत असताना सॉफ्टवेअर तिच्यात लिहू पाहते आणि दोघांची ओढाताण होते. दीर्घ मुद्रणात नेहमीच्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. २४ बिट, ४८,००० च्या स्टिरिओ मुद्रणाला तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे चौथ्या तासाच्या आसपास सावध राहावे.

मुद्रण चालू असताना वीज गेली आणि फाइल शून्य सेकंदांची दिसली, तरी ती पुसू नये. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते, आणि अनेक सॉफ्टवेअर ती मुद्रण थांबवल्यावरच भरतात. लांबीचा रकाना रिकामा असला तरी त्यामागचा ध्वनी डिस्कवर असू शकतो. फाइलचा आकार काही एमबी दिसत असेल तर आशा ठेवावी. आधी फाइलची प्रत काढावी, मग ऑडॅसिटीतली कच्ची माहिती आयात करण्याची सोय वापरून सॅम्पल रेट, बिट आणि चॅनेलची संख्या हाताने सांगावी. बिट चुकला तर नुसती खरखर येते, सॅम्पल रेट चुकला तर पट्टी बदलते. दोन्ही जुळले की गमावले असे वाटलेले गाणे, वीज गेली त्या क्षणाच्या जवळपर्यंत, वाजू लागते.