तांबड्या खारींची लोकराखण, ब्रिटन

ब्रिटनची मूळची म्हणावी अशी खार एकच, ती म्हणजे तांबडी खार (शास्त्रीय नाव स्कियुरस व्हल्गॅरिस). उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारीपुढे तिचा टिकाव लागला नाही आणि देशाच्या मोठ्या भागातून ती नाहीशी झाली. जिथे ती अजून दिसते, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आसपासच्या रहिवाशांनी चालवलेली राखण हेच त्याचे कारण आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरूही तांबूस असते, पण ते रातुफा या वेगळ्या प्रजातीचे आणि आकाराने कितीतरी मोठे. ब्रिटनची तांबडी खार जेमतेम 300 ग्रॅमची. हिवाळ्यात तिच्या कानांवर केसांचे उभे झुपके येतात, आणि ती ओळखायला तेवढी खूण पुरते.

करडी खार ब्रिटनमध्ये सोडल्याची पहिली नोंद 1876 ची आहे. चेशर परगण्यातल्या हेनबरी येथे एका जमीनदाराने शोभेसाठी ती आणली. पुढे इतर जमीनदारांनीही तेच केले. त्या काळी तांबडीची कोणाला फारशी कणव नव्हती, हेही नोंदवायला हवे. ती लागवडीच्या झाडांची साल सोलते म्हणून 1903 मध्ये स्कॉटलंडमध्ये ‘हायलँड स्क्विरल क्लब’ स्थापन झाला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने हजारो तांबड्या खारी मारल्या. आज त्याच स्कॉटलंडमध्ये ब्रिटनमधल्या बहुसंख्य तांबड्या खारी आहेत. सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅमल सोसायटी या संस्थेच्या 2018 मधील अंदाजानुसार ब्रिटनभर तांबड्या सुमारे 2 लाख 87 हजार आणि करड्या सुमारे 27 लाख होत्या.

करडी खार तांबडीला मारत नाही, तिचा घास पळवते. ओकची फळे करडीला चांगली पचतात, तांबडीला तितकी नाहीत. हेझेल या झुडपाची कठीण कवचाची फळे तर पिकण्याआधीच करडी फस्त करते. पाइन आणि स्प्रूसच्या सूचिपर्णी रानात मात्र हलक्या अंगाच्या तांबडीचे बरे चालते. याहून मोठे संकट स्क्विरलपॉक्स या विषाणूचे आहे. त्याला खारींच्या देवी म्हटले तरी चालेल. करडीच्या अंगात तो असला तरी तिला सहसा काही होत नाही. तांबडीच्या डोळ्यांभोवती, तोंडावर, पंजांवर मात्र फोड आणि खपल्या येतात, डोळे मिटतात, खाणे सुटते आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आत ती मरते. लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्म्बी येथे 2008 मध्ये ही साथ आली, तेव्हा तिथल्या बहुतेक तांबड्या खारी गेल्या. उरलेल्या मूठभर खारींपासून तिथली संख्या पुन्हा वाढली.

या राखणीचे सर्वांत बोलके उदाहरण वेल्सच्या वायव्येचे अँगल्सी बेट, वेल्श भाषेत अनिस मोन. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये मेनाई सामुद्रधुनी आहे, पण तिच्यावर दोन पूल आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करड्या खारी बेटावर येऊन पसरल्या. 1998 च्या सुमारास बेटाच्या पूर्वेकडच्या एका रानात चाळीसेक तांबड्या खारी तेवढ्या उरल्या होत्या. मग करड्या पकडण्याची मोहीम सुरू झाली. ती पंधराएक वर्षे न थांबता चालली आणि बेट करड्या खारींपासून मुक्त झाले. न्यूबरोच्या रानात तांबड्या खारी नव्याने सोडल्या गेल्या. आज बेटावर त्या शेकड्यांनी आहेत. करड्यांची संख्या उतरली तशी उरलेल्या करड्यांमधली विषाणूची लागणही उतरत गेली, आणि माझ्या मते या मोहिमेचा सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

रोजचे काम मात्र साधे आणि कष्टाचे असते. पिंजऱ्यात मका किंवा शेंगदाणे ठेवायचे आणि दिवसातून निदान एकदा तरी प्रत्येक पिंजरा बघून यायचा. आत तांबडी असेल तर दार उघडून लगेच सोडायची, करडी असेल तर जागच्या जागी मारायची. तांबड्यांसाठी झाडाला लावलेली खाऊची पेटी नियमित जंतुनाशकाने धुवावी लागते, कारण एकाच पेटीत अनेक खारी तोंड घालतात आणि त्यातून रोग पसरतो. आजारी खार दिसली की पेट्या उतरवतात. कुठे कोणती खार आहे हे कळण्यासाठी झाडाला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बांधतात. त्याच्या आतल्या चिकटपट्टीला केस लागतात. केस रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबडीच्या केसावर लांबट खाच दिसते, करडीच्या केसावर ती नसते. नेहमी रानात हिंडणाऱ्याला जमिनीवरूनही बरेच कळते. कणसावरचे दाणे खाऊन बुरकुंड टाकावे तसे पाइनच्या शंकूचे देठ पडलेले असतात आणि हेझेलच्या कवचाची दोन स्वच्छ शकले.

करड्या मारण्याला प्राणिहक्कवाद्यांचा विरोध आहे. तो उडवून लावण्याजोगा नाही. स्वतः पिंजरे लावणाऱ्यांनाही हे काम जड जाते. पण पकडलेली करडी पुन्हा सोडणे कायद्यानेच मना आहे, आणि ती सोडली तर तिथली तांबडी संपते, हे ठिकठिकाणी दिसले आहे. तांबडीला 1981 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. करड्यांसाठी गर्भनिरोधक खाद्यावर संशोधन चालू आहे. आणखी एक आशा पाइन मार्टेन या मुंगसाच्या चणीच्या शिकारी प्राण्याची. आयर्लंडमध्ये तो परतला तिथे करड्या घटल्या आणि तांबड्या वाढल्या. तांबडी त्याच्या सोबतीने हजारो वर्षे राहिलेली असल्याने त्याच्यापासून सावध असते, करडी नसते. 2015 पासून मध्य वेल्समध्येही स्कॉटलंडहून मार्टेन आणून सोडले गेले.

अँगल्सीच्या तांबड्या खारी पुढे सामुद्रधुनी ओलांडून समोरच्या बँगर शहराजवळच्या रानांतही पोचल्या. तिथे 2020–21 च्या हिवाळ्यात पॉक्सची साथ आली आणि बऱ्याच खारी मेल्या. बेटाला लागून असलेल्या मुख्य भूमीवरच्या करड्या पकडण्याचे काम म्हणूनच थांबवता येत नाही. बेटावर एखादी करडी दिसल्याचे कोणी कळवले की तिथे त्याच आठवड्यात पिंजरा लागतो.