फॉस्टर केअर आणि बालसंगोपन (महाराष्ट्र)

ज्या मुलाला आपल्या आईवडिलांजवळ राहता येत नाही त्याला दुसऱ्या घरात घरच्यासारखं सांभाळायचं, याला फॉस्टर केअर म्हणतात, सरकारी कागदावर शब्द आहे प्रतिपालकत्व. बऱ्याच जणांना हे दत्तकच वाटतं पण तसं नाहीये. दत्तकात मूल कायद्याने त्या घरचं होतं, आडनाव वारसाहक्क सगळं येतं. इथे मुलाचं नाव तेच राहतं, आईवडील असतील तर त्यांच्याशी नातंही तसंच राहतं, आणि घरची परिस्थिती सावरली की ते परत जाऊ शकतं. महाराष्ट्रात याच्या जोडीला बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मूल बहुतेक वेळा आईकडे, आजीआजोबांकडे, मामा, काका किंवा मावशीकडेच असतं आणि त्या घराला दरमहा थोडे पैसे मिळतात. या दोन्हींच्या भोवती शेजारी, शाळा, संस्था आणि देणगी देणारे लोक मिळून जो आधार उभा करतात त्याबद्दल ही नोंद आहे.

कायदा काय म्हणतो

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये फॉस्टर केअर आहे आणि कलम ४५ मध्ये प्रायोजकत्व म्हणजे स्पॉन्सरशिप. मूल कुणाकडे ठेवायचं हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला लागते. घराची पाहणी, चौकशीचा अहवाल, पैशांची व्यवस्था ही कामं जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. भावंडं असतील तर त्यांना शक्यतो एकत्रच ठेवायचं असं कायद्यातच लिहिलंय. आईवडिलांना मुलाला भेटायला येता येतं, समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तरच अडवलं जातं. आणि जे मूल दत्तक जाऊ शकतं असं ठरलंय त्याला लांबच्या मुदतीच्या फॉस्टर केअरमध्ये ठेवत नाहीत.

केंद्राने २०१६ मध्ये फॉस्टर केअरच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४ मध्ये त्या बदलल्या. आधी फक्त विवाहित जोडपी पुढे येऊ शकत होती, आता एकटी राहणारी माणसंही येऊ शकतात, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. ज्या घरात मूल फॉस्टरमध्ये आहे त्यांना पुढे ते दत्तक घ्यायचं असेल तर आधी पाच वर्षं थांबावं लागायचं, ते आता दोन वर्षांवर आलंय. हा बदल फार चांगला झाला, कारण सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना दत्तक घ्यायला लोक कचरतात आणि ती मुलं संस्थेतच मोठी होतात, त्यांच्यासाठी हा एक रस्ता उघडला.

कलम ४५ मात्र लोक वाचतच नाहीत आणि समाजाच्या दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं आहे. त्यात एका माणसाने एका मुलाला मदत करणं, गटाने करणं आणि पूर्ण समुदायाने करणं, असे प्रायोजकत्वाचे प्रकार दिलेत. म्हणजे एखादी सोसायटी, गणेश मंडळ किंवा बचत गट ठरवून एखाद्या मुलाचा खर्च उचलू शकतो याला कायद्यातच जागा आहे. कलम ४६ मध्ये अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी पैशांची मदत आहे आणि कलम १०५ मध्ये बाल न्याय निधी, ज्यात कुणीही स्वेच्छेने देणगी देऊ शकतं.

आधीपासून चालत आलेलं

आपल्याकडे हे सगळं परदेशातून आलं असं म्हणणं बरोबर नाही. पुण्यात वार लावून जेवायची पद्धत होती, गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात दिवसांना सात घरं ठरवून जेवायचा, सोमवार एकाकडे मंगळवार दुसऱ्याकडे, आणि कुठल्याच एका घरावर पूर्ण भार पडायचा नाही. त्यात जातीची बंधनं होतीच आणि पोरांना अपमानही सोसावे लागायचे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भार वाटून घेऊन एका मुलाला वर्षानुवर्षं उभं करायचं ही रीत लोकांच्या अंगवळणी होती.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता यायचं. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला. धोंडो केशव कर्व्यांची संस्था १८९६ ची, नाव अनाथ बालिकाश्रम. आणि साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं, तिथे पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. या सगळ्यात पैसेवाल्यांची देणगी होती तशी गावोगावच्या साध्या माणसांनी दिलेली धान्याची मूठही होती.

नंतरच्या काळात भर संस्थांवर गेला. बालगृहं, आश्रम, मोठ्या इमारती. सिंधुताई सपकाळांसारख्या माणसांनी संस्थेतही आईपण टिकवलं, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गेल्या. पण प्रत्येक संस्थेला माई मिळत नाही. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या त्यात साफ लिहिलंय की नुसत्या गरिबीसाठी मुलाला घरापासून तोडू नका, आधी घराला मदत करा. आपल्या बालगृहांतल्या अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, त्यांना फक्त सांभाळणं परवडत नसतं, म्हणून ही ओळ आपल्यासाठी खूप महत्त्वाची आहे.

बालसंगोपन योजना प्रत्यक्षात कशी चालते

राज्याच्या योजनेचं पूर्ण नाव आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ, एक पालक गेलेली, आईवडील वेगळे झालेली, पालक तुरुंगात असलेली, पालकांना एचआयव्ही, कॅन्सर किंवा कुष्ठरोगासारखा आजार असलेली मुलं, शून्य ते अठरा वयाची, यात बसतात. बरीच वर्षं महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, त्यात वह्या पण येत नव्हत्या, मग ११०० झाले आणि २०२३ पासून २२५० आहेत. संस्थेमार्फत मूल जोडलेलं असेल तर त्या संस्थेला मुलामागे महिन्याला २५० मिळतात, त्यात कार्यकर्तीने घरी जाऊन भेट द्यायची, मूल शाळेत जातंय का बघायचं, फाईल सांभाळायची. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेत स्पॉन्सरशिप आणि फॉस्टर केअर दोन्हीला महिन्याला ४००० रुपये आहेत. स्पॉन्सरशिपला उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजारांच्या आत.

आकडे बघून वाटतं की चला झालं, पण अडतं ते कागदांवर. पासष्ट वर्षांची आजी, मुलगा आणि सून दोघं नाहीत, नात चौथीत. आजीला मृत्यूचे दाखले, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स लागतात. आईचा मृत्यू माहेरी झाला असेल तर दाखला दुसऱ्या तालुक्यातून आणायचा. नातीच्या नावाने बँकेत खातं काढायचं, ते आधारला जोडायचं, आणि लहान पोरांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत म्हणून आधी आधार अपडेट. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं तिकीट वेगळं. पैसे चालू झाले तरी अनुदान कधी कधी महिनोन् महिने येत नाही, मग एकदम येतं, तोवर घरात उधारी चढलेली असते. अशा आजीसोबत एखादं शिकलेलं माणूस एक दिवस तहसीलला आणि एक दिवस बँकेत गेलं तर ती नात अठरा वर्षांची होईपर्यंत महिन्याला २२५० रुपये सुरू होतात, इतक्या कमी खर्चात इतकं मोठं देणं दुसरं कुठलं मला तरी दिसत नाही.

कोविडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर राज्याने तालुक्या-तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या स्वतःच्या मिशन वात्सल्यच्या समित्या केल्या (केंद्राची योजना वेगळी), दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव जाहीर केली, आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीसारख्या नेटवर्कमधल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून विधवा बायांचे बालसंगोपनचे अर्ज भरून घेतले. योजना कितीतरी आधीपासून होती, पण ती आहे हेच हजारो घरांना तेव्हा कळलं.

फॉस्टर घर आणि त्याच्या भोवतीचे लोक

अनोळखी घरात मूल येतं तेव्हा पहिले काही आठवडे अवघड असतात. उशीखाली चपाती दडवून ठेवणारं मूल, रात्री लाईट बंद करू न देणारं मूल, दार वाजलं की आपल्याला परत न्यायला आले असं वाटून पलंगाखाली जाणारं मूल, हे या कामातल्या लोकांना नेहमी दिसतं. चपाती काढून घ्यायची नाही, उलट एक डबा द्यायचा आणि सांगायचं हा तुझा, यात खाऊ कायम असेल. हळूहळू दडवणं आपोआप थांबतं. घरातल्या बाईला मात्र या काळात झोप नाही, स्वतःच्या पोरांची कुरबुर वेगळी, आणि वरून नातेवाईक विचारतात की कशाला ही नसती उठाठेव.

इथे शेजारपाजारचं काम सुरू होतं. संध्याकाळी दोन तास सगळ्या पोरांना आपल्याकडे खेळायला घेणं, एका दिवसाची भाजी-पोळी पाठवणं, मुलाच्या मापाची सायकल घरात पडून असेल तर देणं, शाळेत सोडायला जाताना त्यालाही गाडीवर घेणं. आणि एक गोष्ट न करणं, ती म्हणजे मुलाला तुझे खरे आईबाबा कुठेत असं विचारणं. शाळेत बाईंनी वर्गासमोर हा विषय काढला तर मूल पुढचे कितीतरी दिवस शाळेत जायला नाही म्हणतं. शाळेच्या पालकसभेला फॉस्टर आईला इतर आयांसारखंच बोलावलं, सही घेतली, एवढंही पुष्कळ असतं.

मूल परत स्वतःच्या घरी जातं तेव्हा फॉस्टर घराला जे रिकामपण येतं त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोक म्हणतात बरं झालं, सुटलात. त्या घराला तेव्हा भेटायला जावं, सुतकात जातो तसं जावं असं मी म्हणेन, कारण दोन वर्षं जेवू घातलेलं लेकरू गेलेलं असतं.

देणगी कशी द्यावी

आपल्याकडे देणगीचा सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे वाढदिवसाला बालगृहात केक आणि बिर्याणी. मन चांगलं असतं, शंका नाही. पण जानेवारीत आणि दिवाळीत एकाच संस्थेत एका दिवशी तीन-तीन ग्रुप येतात, पोरं रांगेत बसून तिसऱ्यांदा हॅप्पी बर्थडे म्हणतात, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना कुणी नसतं. ज्या मुलाला आजी सांभाळतेय तिच्याकडे तर कुणीच जात नाही, कारण तिच्या दाराला बोर्ड नाही. कंपन्यांचंही तसंच आहे, कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चासाठी, अनाथांची घरं आणि वसतिगृहं बांधणं थेट लिहिलंय, त्यामुळे पैसा भिंतींकडे वळणं सोपं जातं आणि घराघरात सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी कार्यकर्तीचा पगार मागायला गेलं की अडचण येते.

उपयोगी पडणारी मदत छोटी आणि नेमाची असते. महिन्याला हजार रुपये तीन वर्षं, हे एकदम पन्नास हजारांपेक्षा मुलाच्या जास्त कामाला येतं, कारण क्लासची फी, एसटीचा पास, चष्मा, सॅनिटरी पॅड हे खर्च दर महिन्याला उगवतात. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा चांगल्या नोंदणीकृत संस्थेत चौकशी केली तर कुठल्या भागात कसली गरज आहे ते समजतं. पैसे मुलाच्या खात्यावर किंवा संस्थेच्या पावतीवर द्यावेत, संस्थेला ८०जी ही देणगीवरच्या करसवलतीची मान्यता असेल तर जुन्या कर पद्धतीत सूटही मिळते. वस्तू द्यायच्या तर आधी विचारून, मापाचे नवे बूट द्यावेत, फाटके कपडे नकोत.

आणि फोटो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. किटवाटपाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकणाऱ्या मंडळींना हे माहीतच नसतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दहावीतल्या मुलीला वर्गातली पोरं तो फोटो दाखवून चिडवतात तेव्हा तिला ते दप्तर नकोसं होतं.

२०२१ मध्ये असे मेसेज फिरले होते, अमुक ठिकाणी दोन मुली आहेत, आईवडील कोरोनाने गेले, दत्तक घ्यायचंय तर या नंबरवर फोन करा. असा मेसेज पुढे पाठवू नये. परस्पर मूल दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे, कलम ८० मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मुलांची विक्री याच वाटेने होते. मूल संकटात दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, हा नंबर चोवीस तास चालतो आणि फोन फुकट आहे.

अठरानंतर

सगळ्यात कमी मदत या वयाला पोचते. अठरा पूर्ण झाले की बालसंगोपनचे पैसे बंद आणि संस्थेतली मुलं बाहेर, त्याच वर्षी बारावी किंवा कॉलेजचं पहिलं वर्ष असतं. अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतर राहण्यासाठीच्या सरकारी सोयीत, एकवीसपर्यंत राहता येतं पण जागा थोड्या आहेत. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते अठराच्या आत काढून ठेवलेलं बरं, नंतर जुने कागद शोधणं फार जड जातं. पुण्यात किंवा संभाजीनगरला खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि ओळखीचा माणूस दोन्ही लागतं, घरमालक विचारतो गावाकडे कोण आहे. फॉर्मवर पालक म्हणून सही करणारा, आजारी पडल्यावर दवाखान्यात बसणारा, दिवाळीला चार दिवस घरी ये म्हणणारा एखादा ओळखीचा माणूस या मुलांना हवा असतो, आणि काही संस्था आता माजी मुलांसाठी अशी घरं शोधून जोडून देतायत.