फ्लोरिडात लॉनला खत टाकायचंय? परवाना राज्याचा, वेळापत्रक काउंटीचं

गावाकडे पावसाचा रंग बघून युरिया फेकायची सवय असते. ढग भरून आले की गोणी उघडायची. फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी माणसाने ही सवय विमानतळावरच सोडून यावी, कारण इथे नियम नेमका उलटा आहे. पिनेलास काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 1 जून ते 30 सप्टेंबर, म्हणजे जवळपास आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत, नायट्रोजन किंवा फॉस्फरस असलेलं खत हिरवळीला टाकायला बंदी आहे. तेवढ्या काळात असं लॉनचं खत दुकानात विकायलाही मनाई.

सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. परवाना देतं राज्य. कधी आणि कुठे खत टाकायचं, ते ठरवते काउंटी किंवा शहर. खिशात परवाना असला म्हणून जुलैत नायट्रोजन टाकता येत नाही.

परवाना कोणाला लागतो?

पैसे घेऊन लोकांच्या हिरवळीला खत टाकणाऱ्याला. 1 जानेवारी 2014 पासून ही अट राज्यभर लागू आहे. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. त्यामुळे मालकाकडे आहे म्हणून हाताखालच्या मुलाला चालत नाही. स्वतःच्या अंगणात स्वतः खत टाकणाऱ्या घरमालकाला तो लागत नाही. घरमालकाचंच खत आणि घरमालकाचंच यंत्र वापरून फक्त घरगुती अंगणात काम करणाऱ्या माळ्यालाही सूट आहे. अर्थात बंदीचे महिने या दोघांनाही चुकत नाहीत.

अर्ज कसा करायचा?

आधी प्रशिक्षण. फ्लोरिडा विद्यापीठाची विस्तार सेवा ‘ग्रीन इंडस्ट्रीज बेस्ट मॅनेजमेंट प्रॅक्टिसेस’ हा वर्ग घेते. परीक्षा पास झालात की त्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते जोडून राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा खात्याकडे ‘लिमिटेड अर्बन कमर्शियल फर्टिलायझर ॲप्लिकेटर’ या परवान्यासाठी अर्ज करायचा, 25 डॉलर भरायचे. नुसत्या प्रशिक्षणाच्या कागदावर काम सुरू करणारे बरेच असतात, पण तो कागद म्हणजे परवाना नव्हे. मुदत चार वर्षांची. नूतनीकरणाला चार तासांचं पुढचं प्रशिक्षण लागतं, त्यातले किमान दोन तास खतवापराचे. हजेरीचे कागद वर्षाच्या वर्षाला एका फाइलीत ठेवा, चौथ्या वर्षी ऐनवेळी शोधाशोध नको. धंदा नोंदवताना स्थानिक ‘बिझनेस टॅक्स’च्या खिडकीवरही प्रशिक्षणाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, म्हणून एक प्रत जास्तीची काढा.

गोणी वाचायची कशी?

गोणीवर तीन आकडे असतात: नायट्रोजन, फॉस्फेट, पोटॅश. समजा 16-0-8 लिहिलंय आणि गोणी 50 पौंडांची आहे. म्हणजे आत 8 पौंड नायट्रोजन. बऱ्याच ठिकाणी त्यातला निम्मा हळूहळू सुटणारा असावा लागतो. म्हणून मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत ‘स्लो रिलीज’ची टक्केवारी बघा. 16 पैकी 8 तरी हवी. मधला आकडा शून्यच बरा. माती तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय फॉस्फरस टाकू देत नाहीत, आणि तो अहवाल जपून ठेवावा. बंदीच्या काळात गवत पिवळं दिसलं तर लोह, मँगनीज चालतं. रंग तेवढ्यानेही येतो. परसातल्या भाजीच्या वाफ्यांना बहुतेक नियमांत सूट आहे, तेव्हा भेंडी-मिरचीची काळजी नको.

तळ्या-खाडीच्या काठापासून राज्याच्या नमुना नियमाप्रमाणे (राज्याने स्थानिक संस्थांसाठी करून दिलेला मसुदा) 10 फूट सोडायचे. काही काउंट्यांत अंतर याहून जास्त आहे. फुटपाथवर सांडलेले दाणे झाडून परत गोणीत. कापलेलं गवत ब्लोअरने गटाराच्या जाळीकडे ढकलणं हाही नियमभंगच. त्या गवतातही नायट्रोजन असतोच.

शहराला एवढी घाई कशाची?

पैशाची. रस्त्यावरचं पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता थेट खाडीत जातं. तिथे नायट्रोजन पोचला की शेवाळ माजतं, पाण्याखालच्या गवताला ऊन मिळत नाही. 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 च्या आसपास मॅनाटी (समुद्री गवत खाणारे मोठे पाणप्राणी) मेले. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या खाजणातलं समुद्री गवत संपल्याने झालेली उपासमार हे त्याचं मोठं कारण होतं. पाण्यात मिसळलेलं खत नंतर बाहेर काढायला तळी खणा, गाळ उपसा, आणि तो खर्च निघतो ‘स्टॉर्मवॉटर’ म्हणजे पावसाच्या पाण्याच्या आकारातून. तुमच्या छप्पर-ड्राइव्हवेच्या मापाने दरमहा बिलात येणारी ओळ ती हीच. 2009 च्या राज्य कायद्याने, ज्यांचं पाणी नायट्रोजन-फॉस्फरसमुळे बिघडलेलं ठरलं आहे त्या शहरांना निदान नमुना नियम तरी स्वीकारावाच लागतो. 2023 मध्ये मात्र विधानमंडळाने नव्या पावसाळी बंद्यांवर वर्षभराची स्थगिती आणली. जुन्या बंद्या चालूच राहिल्या.

म्हणून शेजारच्या काउंटीतल्या मित्राचं ऐकून गोणी आणू नका. तुमचा पत्ता शहराच्या हद्दीत आहे की नुसत्या काउंटीच्या, हे आधी मालमत्ता कराच्या बिलावर बघा, आणि त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘फर्टिलायझर ऑर्डिनन्स’ (खताचा स्थानिक नियम) शोधा.