रेशीम अळीच्या रक्तातून एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स वेगळे करणे

एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल म्हणजे पेशीने स्वतःच्याच पडद्यात गुंडाळून बाहेर टाकलेली बारीक पुडी. आत प्रोटीन, आरएनए, थोडे लिपिड असं काहीबाही बांधलेलं असतं आणि ही पुडी दुसऱ्या पेशीला जाऊन मिळाली की तिथे काहीतरी निरोप पोचतो. 30 ते 150 नॅनोमीटरच्या पुड्यांना साधारण एक्झोसोम म्हणतात, 100 ते 1000 च्या मायक्रोव्हेसिकल, आणि मरणाऱ्या पेशीचे तुकडे त्याहून मोठे. पण नुसत्या साइजवरून पुडी पेशीच्या कुठल्या भागातून आली ते ठरवता येत नाही, म्हणून हल्ली सगळ्यांना मिळून व्हेसिकलच म्हणायची पद्धत आहे, ती बरी. 1983 साली मेंढीच्या आणि उंदराच्या कच्च्या तांबड्या पेशींत हे पहिल्यांदा नीट दिसलं, एक्झोसोम हे नाव या अर्थाने 1987 मध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या पेपरपासून रुळलं. कीटकांच्या रक्तातून या पुड्या काढायची पद्धत बरीचशी माणसाच्या पद्धतीवरून उचललेली आहे आणि अडचण तिथेच येते, कारण कीटकाचं रक्त हे प्रकरणच वेगळं.

त्याला हिमोलिम्फ म्हणतात. पाठीवरून लांब नळीसारखं हृदय जातं ते द्रव पुढे ढकलतं, बाकी शिरा-धमन्या वगैरे काही नाही, सगळं शरीर म्हणजे एक पिशवी आणि अवयव त्यात बुडालेले. ऑक्सिजन न्यायचं काम श्वासनलिका परस्पर करतात म्हणून लाल रंग नाही (गटारातल्या लाल कायरोनोमस अळ्या हा अपवाद). रेशीम अळीचं रक्त जातीप्रमाणे पांढुरकं नाहीतर पिवळं.

रेशीम अळीच का, तर रक्त भरपूर मिळतं एवढंच कारण. फळमाशीच्या एका अळीतून जेमतेम एखादा मायक्रोलिटर निघतो, कधी तेवढाही नाही, म्हणजे एका नमुन्यासाठी शेकडो अळ्या टोचत बसायचं. पाचव्या अवस्थेतली, म्हणजे चौथी कात टाकून कोष करायच्या आधी चार-पाच दिवस तुती खाऊन फुगलेली रेशीम अळी मात्र एकटीच काहीशे मायक्रोलिटर देते.

काढायचं असं. अळी बर्फावर ठेवून सुस्त करायची, अंग अल्कोहोलने पुसायचं, पोटाखालच्या मांसल पायाचं टोक बारीक कात्रीने उडवायचं आणि थेंब गार ट्यूबमध्ये पडू द्यायचा. पडू द्यायचा हे महत्त्वाचं, पिळायचं नाही! पिळलं की आतली चरबीची ऊती फुटते आणि अळी तोंडातून हिरवा रस ओकते, त्यात पानाचे तुकडे, आतड्यातले बॅक्टेरिया आणि भयंकर अल्कलाइन पाचकरस, हे एक थेंब जरी मिसळलं तरी ती ट्यूब बाजूला ठेवलेली बरी, कारण बॅक्टेरियासुद्धा स्वतःच्या पुड्या सोडतात आणि नंतर कुठली कुणाची ते कळत नाही.

दुसरी घाई काळं पडण्याची. नुसत्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं तर काही मिनिटांत आधी कडेने तपकिरी, मग शाईसारखं होत जातं. फिनॉलऑक्सिडेज नावाचं एन्झाइम जागं होऊन मेलॅनिन बनवायला लागतं, अळीला जखम झाली की खपली धरते ती अशीच. ते थांबवायला ट्यूबमध्ये आधीच फिनाइलथायोयुरियाचे दोन-चार कण टाकून ठेवतात. नाव ओळखीचं वाटत नसेल पण जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला जिभेवर कागदाची पट्टी ठेवून "कडू लागलं का" विचारतात ना, ती पीटीसी म्हणजे हेच केमिकल. पट्टीवर नाममात्र असतं, बाटलीतलं चांगलंच विषारी आहे, तेव्हा ग्लोव्हज घालूनच. सोबत ईडीटीए किंवा सायट्रेट, म्हणजे कॅल्शियम अडकून राहतं आणि रक्तपेशी एकमेकींना चिकटून गोळा होत नाहीत.

रक्तपेशींचं आणखी एक आहे. रेशीम अळीत ओइनोसायटॉइड नावाच्या पेशी असतात, फिनॉलऑक्सिडेजचा कच्चा साठा त्यांच्यातच, आणि त्या फुटायला फार नाजूक. फुटल्या की त्यांच्या पडद्याचे तुकडे गोल होऊन अगदी व्हेसिकलसारखेच दिसतात. म्हणून रक्त काढल्या काढल्या 4 अंशाला हलक्या स्पीडने, 300 ते 500 जी ला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोर) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आधी खाली बसवायच्या आणि मगच पुढचं. बरेच जण रक्त थेट डीप फ्रीजरमध्ये टाकून "उद्या बघू" म्हणतात, तिथेच नमुना गेला समजा, कारण पेशींसकट गोठवलं की वितळताना सगळ्या फुटणार आणि मग जे मोजाल ते पेशींचा कचरा असेल.

पेशी गेल्यावर 2000 जी ला एकदा, 10,000 जी ला अर्धा तास, मग वाटलं तर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. यानंतरची जुनी रीत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज, 100,000 जी ला तासभर किंवा जरा जास्त. खाली बारीकसा साका दिसतो आणि लोक खुश होतात. कीटकांच्या बाबतीत इथे लगेच खुश व्हायचं नाही, कारण त्या साक्यात लायपोफोरिन असतं.

लायपोफोरिन म्हणजे कीटकांचं लिपिड वाहून नेणारं हमालच, चरबीच्या ऊतीतून लिपिड उचलायचं आणि लागेल तिथे पोचवायचं. रक्तात ते प्रचंड प्रमाणात असतं. त्याचा कण 15-16 नॅनोमीटरचा, घनता साधारण 1.11 ग्रॅम प्रति मिली, आणि व्हेसिकल्सची घनता 1.10 ते 1.19 च्या मध्ये कुठेतरी! म्हणजे आयोडिक्सॅनॉल किंवा साखरेचा ग्रेडियंट (वर पातळ, खाली दाट होत जाणारं द्रावण) लावून घनतेवर वेगळं करायला गेलं तर दोघं शेजारी शेजारीच येऊन बसतात. नुसती शुद्धतेची किरकोळ बाब नाही ही. फळमाशीच्या अळीत विंगलेस हा सिग्नल पेशीपेशींमधून लांब कसा जातो हा जुना प्रश्न आहे, सुझान ईटन यांच्या लॅबने 2001 मध्ये पडद्याच्या कणांवरून जातो असं मांडून त्यांना अर्गोसोम नाव दिलं, त्याच लॅबने 2005 मध्ये दाखवलं की तो लायपोफोरिनवर बसून जातो, आणि 2012 मध्ये दुसऱ्या ग्रुपने एक्झोसोमवरही सापडतो असं दाखवलं. दोन्ही खरं असू शकतं, पण आपल्या ट्यूबमध्ये दोन्ही मिसळलेलं असेल तर त्यावरून काहीच बोलता येत नाही.

त्यामुळे साध्या लॅबसाठी माझं मत सरळ आहे, आधी साइजवर वेगळं करा. सेफारोज सीएल-2बी (बारीक भोकं असलेले जेलचे मणी) भरलेला 10 मिलीचा कॉलम घ्यायचा, अर्धा मिली नमुना वर सोडायचा, बफर घालत राहायचं आणि अर्ध्या-अर्ध्या मिलीचे फ्रॅक्शन गोळा करायचे. मोठे कण मण्यांच्या आतल्या भोकांत शिरत नाहीत म्हणून भराभर खाली येतात, साधारण तिसऱ्या मिलीनंतर व्हेसिकल्स, आणि 15 नॅनोमीटरचं लायपोफोरिन भोकांत अडखळत मागून येतं. पिवळ्या रक्ताची जात वापरली तर यात एक फुकटची सोय आहे, तुतीच्या पानातले कॅरोटिनॉइड लायपोफोरिनवरच बसलेले असतात, त्यामुळे कॉलममध्ये पिवळा पट्टा हळूहळू खाली सरकताना डोळ्यांनी दिसतो. पट्टा खाली पोचायच्या आत जे रंगहीन आलं ते ठेवायचं, पिवळं सुरू झालं की ट्यूब बदलायची. कोष करायच्या जवळच्या अळीत साठवणीची मोठी प्रोटीन, हेक्झामेरिन, तीही भरमसाठ असतात पण ती आणखी मागे राहतात. तोटा एकच, नमुना पातळ होतो, मग अल्ट्राफिल्टरने (पाणी जाऊ देऊन व्हेसिकल्स अडवणारी गाळणी) आटवावा लागतो. फार शुद्ध हवं असेल तर कॉलमनंतर ग्रेडियंट, दोन्ही.

मिळालं ते व्हेसिकलच कशावरून? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वाटीसारखा आकार दिसला की झालं असं नाही, ती वाटी नमुना सुकवताना होते, क्रायो पद्धतीने, म्हणजे न सुकवता झटकन गोठवून बघितलं तर गोलच दिसतात. कण मोजायचं एनटीए मशीन लायपोफोरिनचा सुटा कण बघू शकत नाही पण त्याचे गोळे झाले तर व्हेसिकल म्हणून मोजून टाकतं. सीडी63, सीडी9 ही व्हेसिकल ओळखायची नेहमीची प्रोटीन, पण माणसासाठी बनवलेल्या त्यांच्या अँटिबॉडी कीटकांवर बऱ्याचदा चालत नाहीत, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रोटीनची पट्टी दाखवणारी टेस्ट) पट्टी आली नाही म्हणजे व्हेसिकल नाहीत असं नव्हे. वेस्टर्नमध्ये एक पट्टी अपोलायपोफोरिनची (लायपोफोरिनमधलं प्रोटीन) जरूर बघावी, ती जितकी फिकी तितकं बरं. स्वस्त आणि चांगली टेस्ट म्हणजे ट्रायटॉन (पडदा विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) टाकून परत मोजणं, पडद्याची पुडी असेल तर विरघळून आकडा पडायला हवा. आरएनए आतच आहे असं म्हणायचं असेल तर आधी प्रोटिनेज आणि आरएनेज (प्रोटीन आणि आरएनए तोडणारी एन्झाइम) लावून, तरीही तो वाचतो का हे दाखवावं लागतं. फळमाशीच्या रक्तपेशी व्हायरसविरुद्धचे छोटे आरएनए एक्झोसोमसारख्या पुड्यांतून शरीरभर पाठवतात असं 2017 मध्ये दिसलं, तेव्हापासून हा मुद्दा जास्तच कळीचा झालाय.

राहिला व्हायरस. ग्रासरी हा व्हायरसचा रोग झालेली अळी बीड-जालन्याकडच्या कुठल्याही रेशीमवाल्याला ओळखू येते, अंग फुगलेलं आणि पाय तुटला तर दुधासारखं पाणी निघतं. ते दूध म्हणजे न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरसचे स्फटिक. अशी अळी कुणी घेणार नाही, प्रश्न लागण झालेल्या पण अजून धडधाकट दिसणाऱ्या अळीचा आहे. तिच्या रक्तात पडदा असलेले सुटे व्हायरस फिरत असतात आणि कॉलममध्ये ते व्हेसिकल्सबरोबरच उतरतात, ट्रायटॉननेही दोघं सारखेच विरघळतात. म्हणून प्रत्येक बॅचमधून थोडं रक्त बाजूला काढून व्हायरसची पीसीआर (त्याचा डीएनए शोधायची टेस्ट) करून घ्यावी. मधमाशीत हीच अडचण पंख वाकडे करणाऱ्या व्हायरसची, तो तर 30 नॅनोमीटरचा, म्हणजे सगळ्यात लहान पुड्यांएवढाच.