टॉर्चर आणि ओलीस: एकाच कांदाचाळीतले दोन वेगळे गुन्हे

अशोकस्तंभाजवळच्या अभ्यासिकेत परवा दोन पोरांची जुंपली. ओलीस धरलेल्याला मारहाण झाली की ते संयुक्त राष्ट्रांच्या टॉर्चरविरोधी करारात बसतं का? एक म्हणे हो, एक म्हणे नाही, चहा गार झाला तरी दोघं मागे हटेनात. घोळ होतोच, कारण दोन्हीकडे माणूस कोंडलेला असतो.

आता समजा पिंपळगावकडे एका रिकाम्या कांदाचाळीत ट्रक ड्रायव्हरला डांबलंय आणि त्याच्या शेठला फोन जातो, "आमची उधारी टाक, नाहीतर हा काही परत येत नाही." हे झालं ओलीस. कोंडला एकाला, नाक दाबलं दुसऱ्याचं. ड्रायव्हरकडूनच एटीएमचा पिन उकळला असता तर ती लूट, कारण त्यात तिसरा कुणी नाहीच. ओलीस धरण्याविरुद्धच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा सगळा जीव या तिसऱ्यात आहे, मग तो शेठ असो, सरकार असो नाहीतर संयुक्त राष्ट्रं. फक्त आपली ही केस त्या करारात जात नाही हां, कारण पकडणारे, पकडलेला, जागा सगळं एकाच देशातलं, तिथे आपलंच कलम लागतं, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ३६४ए आणि आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) १४०(२), शिक्षा थेट जन्मठेप किंवा फाशी.

त्याच चाळीत साध्या कपड्यातले पोलीस त्या ड्रायव्हरच्या तळपायावर पट्टे ओढतायत, "चोरीचा माल कुठंय, कबूल कर." आता हे टॉर्चर. १९८४ च्या टॉर्चरविरोधी करारात नुसत्या वेदना पुरत नाहीत, त्या तीव्र हव्यात, मुद्दाम दिलेल्या हव्यात, कबुली, माहिती, शिक्षा, दहशत असा काहीतरी हेतू हवा, आणि मुख्य म्हणजे त्यात सरकारी माणसाचा हात हवा. त्याने स्वतःच मारायला पाहिजे असं नाही, गुंड मारतायत आणि साहेबांना माहीत असूनही ते गप्प, हेसुद्धा बसतं. म्हणून अभ्यासिकेतला "नाही"वाला बरोबर होता, नुसत्या गुंडांनी ओलिसाला कितीही मारलं तरी ते या करारातलं टॉर्चर नाही (गुन्हा आहेच, वाद नावाचा आहे). आणि "पण तो अतिरेकी असेल तर?" हा प्रश्न येतोच, तर याच कराराचं कलम २ सरळ सांगतं की युद्ध, आणीबाणी, वरून आलेली ऑर्डर, यातलं कुठलंच कारण चालत नाही.

आरोपी आपल्या देशात सापडला तर त्याला संबंधित देशाच्या ताब्यात द्या नाहीतर इथेच केस चालवायला घ्या, हा नियम दोन्ही करारांत सारखा, पोरं पेपरात तो एकाच्याच नावावर टाकून येतात.

मला खटकतं ते वेगळंच. ओलीस करार आपण १९९४ ला स्वीकारला आणि १९९५ ला ३६४ए मध्ये परदेशी सरकारं, आंतरराष्ट्रीय संघटना हे शब्द घातलेसुद्धा. टॉर्चरच्या करारावर १९९७ ला सही केली, ती नुसती सहीच राहिली, मंजुरी आजतागायत नाही. म्हणजे दुसऱ्याचे हात बांधणारा कागद पटकन, स्वतःच्या खाकीचे बांधणारा पेंडिंग. २०१० ला लोकसभेने टॉर्चरविरोधी बिल पास केलं होतं, राज्यसभेने ते सिलेक्ट कमिटीकडे दिलं आणि पुढे ते बारगळलं. टॉर्चर कराराच्या २००२ च्या जोडकराराप्रमाणे संयुक्त राष्ट्रांचे लोक सदस्य देशांतल्या कोठड्या आत जाऊन बघतात, कैद्यांशी एकांतात बोलतात. त्यात तर आपण नाहीच, त्यामुळे नाशिकरोड जेलच्या गेटवर तशी गाडी येऊन थांबायचा प्रश्नच नाही.