ब्रिटनचं होम सेक्रेटरी व्हायचंय? फॉर्म कुठला, कागद काय

परवा एकाने विचारलं की सुएला ब्रेवरमन (वडिलांकडून मूळ गोव्याच्या) होम सेक्रेटरी (म्हणजे तिथल्या गृहमंत्री) होऊ शकल्या तर आपण अर्ज कुठे करायचा. गंमत वेगळी, पण अर्ज आहे बरं का, फक्त तो खासदारकीचा, मंत्रिपदाचा नाही.

पात्रता सोपी आहे. वय 18 पूर्ण, आणि नागरिकत्व ब्रिटिश, आयरिश किंवा कॉमनवेल्थ देशाचं. म्हणजे भारतीय पासपोर्ट असला तरी चालतो पण तिथे कायम राहायची परवानगी (आयएलआर) हवी, नुसत्या वर्क व्हिसावर जमत नाही. पोलीस, सैन्य, सरकारी नोकरी, जज असाल तर आधी राजीनामा.

कागदांत नॉमिनेशन पेपर, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि साक्षीदाराच्या सहीचं संमतीपत्र, वर 500 पाउंड डिपॉझिट. मतं 5 टक्क्यांच्या वर गेली नाहीत तर ते पैसे गेलेच. पार्टीचं नाव बॅलटवर हवं असेल तर पार्टीचं सर्टिफिकेट पण जोडायचं.

खरी गोची सह्यांची. जिथून उभे राहताय त्याच मतदारसंघातल्या 10 मतदारांच्या सह्या, प्रत्येकाचा मतदार यादीतला नंबर बरोबर हवा. लोक सेफ्टी म्हणून 12-15 घेतात, उपयोग शून्य, कारण पहिल्या 10 च बघतात आणि त्यातली एक चुकली तर अकरावी कामाला येत नाही, पेपरच बाद. त्यामुळे आधी यादी घेऊन बसा, मग सह्या घ्या, आणि शेवटच्या दिवशी दुपारी 4 च्या आत द्या, खरं तर दोन दिवस आधीच.

निवडून आलात की पुढे फॉर्म नाही, पंतप्रधानांचा फोन येतो किंवा येत नाही. (निवडून आलेला खासदार नसलं तरी लॉर्ड (वरच्या सभागृहाचा सदस्य) करून मंत्री करता येतं, 2023 मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून असेच फॉरेन सेक्रेटरी (परराष्ट्रमंत्री) झाले.) मग राजाकडून पदाची मुद्रा, प्रिव्ही कौन्सिलची (राजाच्या सल्लागार मंडळाची) शपथ, आणि स्वतःच्या शेअर्स, प्रॉपर्टी वगैरे हितसंबंधांची यादी खात्याच्या सचिवाकडे लेखी.

आणि एकदा खुर्ची मिळाली की सरकारी कागद पर्सनल ईमेलवरून पाठवू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रेवरमनबाईंचं पद त्यावरूनच गेलं, ग्रँट शॅप्स आले, आणि ते जेमतेम 6 दिवस टिकले कारण पंतप्रधान बदलले आणि बाई परत त्याच खुर्चीत आल्या.