मोबाईल नंबर ही संख्या नव्हेच

सी भाषा नव्याने शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगतो: एक मोबाईल नंबर साठवायचा आणि तोच पडद्यावर छापायचा. नंबर आहे म्हणजे इंट (पूर्णांक संख्येचा टाइप), असं धरून बहुतेक जण 'इंट मोबाईल' असं व्हेरिएबल डिक्लेअर करतात. त्यात ९००००००००० भरलं की जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) एक इशारा देतो, पण प्रोग्रॅम तयार होतो. तो चालवला की उत्तर येतं ४१००६५४०८. दहा अंक दिले, परत आले नऊ, आणि तेही भलतेच.

संगणक बिघडलेला नसतो. व्हेरिएबल डिक्लेअर करणं म्हणजे मेमरीत जागा राखून तिच्यावर नावाची पाटी लावणं. डेटा टाइप सांगतो की जागा किती हवी आणि आत ठेवलेल्याचा अर्थ काय लावायचा. आजच्या बहुतेक संगणकांवर इंटला चार बाइट मिळतात, म्हणजे ३२ बिट, म्हणजेच ० किंवा १ ठेवणारी ३२ घरं. त्यांत उणे संख्याही बसवायच्या असल्यामुळे अधिक बाजूला २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मजल जाते. सुमारे २१४ कोटी. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे लहानात लहान नंबर घेतला तरी तो ६०० कोटींच्या घरात. भारतातला एकही मोबाईल नंबर साध्या इंटमध्ये मावत नाही! ९०० कोटी लिहायला ३४ बिट लागतात. वरचे दोन कापले गेले आणि खालच्या ३२ बिटांत जे उरलं, ते आपल्याला दिसलं.

अर्थ लावण्याची बाबही तितकीच महत्त्वाची. ०१०००००१ हे आठ बिट संख्या म्हणून वाचले तर ६५, आणि अक्षर म्हणून वाचले तर इंग्रजीतला कॅपिटल ए. मेमरीत दोन्ही वेळा तेच बिट असतात.

हे फक्त शिकाऊ मुलांचं होतं असं समजू नका. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं. ४० सेकंदही झाले नसतील, तोच ते वाट सोडून वळलं आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. सोबत क्लस्टर या वैज्ञानिक मोहिमेचे चारही उपग्रह गेले. चौकशीत कारण सापडलं ते असं: आडव्या वेगाशी निगडित एक किंमत ६४ बिटांच्या दशांश टाइपमधून १६ बिटांच्या पूर्णांक टाइपमध्ये टाकली जात होती. १६ बिटांची कमाल मर्यादा ३२,७६७, आणि किंमत तिच्या पलीकडे गेली. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. तिची जोडीदार राखीव यंत्रणा तिच्या क्षणभर आधीच, त्याच कारणाने बंद पडली होती, कारण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच.

मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. अशी रूपांतरं होणारी सात व्हेरिएबल्स होती. चारांना संरक्षण दिलेलं होतं, तिघांना मुद्दाम दिलेलं नव्हतं, कारण त्यांच्या किमती एवढ्या वाढणारच नाहीत असा हिशेब होता. एरियान ४ साठी तो हिशेब बरोबरही होता. कोड तिथूनच आला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त होता, आणि तो हिशेब कोणी पुन्हा मांडला नाही. त्यावर कळस म्हणजे, तो कोड ज्या कामासाठी होता, ते काम एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं.

मग मोबाईल नंबरसाठी इंटऐवजी मोठा 'लाँग लाँग' घ्यावा का? नंबर त्यात मावेल, पण टाइप तरीही चुकीचाच. दोन मोबाईल नंबरांची बेरीज करून काही हाती लागतं का? सरासरी काढतो का आपण त्यांची? नाही. तो अंकांत लिहिलेला मजकूर आहे, त्याची जागा स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत. एसटीडी कोडचंही तसंच. मुंबईचा ०२२ इंटमध्ये लिहून छापा, १८ येईल. पुण्याचा ०२० लिहा, १६ येईल. सी मध्ये शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पायाच्या) पद्धतीची मानली जाते, त्यामुळे इथे तर इशाराही मिळत नाही.

स्ट्रिंग वापरायला लागलात की एकदा आपली लिपी घेऊन बघा. 'कॅर' टाइपची जागा एका बाइटची. तिच्यात इंग्रजी अक्षर आरामात बसतं, पण आपला 'क' यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) तीन बाइट घेतो, त्यामुळे तो एका कॅरमध्ये बसतच नाही. 'नमस्कार' डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात घटक धरतो, प्रत्येकाचे तीन बाइट. त्याची लांबी 'स्ट्रलेन'ला, म्हणजे स्ट्रिंगचे बाइट मोजणाऱ्या फंक्शनला, विचारा, उत्तर येईल २१.